बदकांचा कारखाना, पाऊस आणि पहिले पंधरा दिवस

सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न विचारतो. बदकाच्या पिल्लांसाठी पाऊस चांगला की वाईट?

"बदकच ते! पाऊस पडला तर मजाच की त्याची," असं कोणीही पटकन म्हणेल. पण खरं उत्तर आहे: तारीख सांगा, मग बोलू. हिवाळ्यातला बर्फ आणि एप्रिलमधला पाऊस या पिल्लांना जगवतो. जूनमध्ये अंडी फुटल्यावर तीन दिवस गार वाऱ्याबरोबर लागलेली झड त्यांना मारते. इनपुट तोच, फक्त टाइमस्टॅम्प बदलला आणि आउटपुट एकदम उलटा! असले बग शोधायला आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना रात्री घालवाव्या लागतात. उत्तर अमेरिकेतल्या लोकांना हा शोधायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि मधल्या काळात अख्ख्या खंडातली बदकं हातची जायची वेळ आली होती. त्याचीच ही गोष्ट. (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.)

आधी जागा समजून घेऊ. कॅनडातले अल्बर्टा, सस्कॅचवान, मॅनिटोबा आणि खाली अमेरिकेतले नॉर्थ आणि साउथ डाकोटा, माँटाना, मिनेसोटा, आयोवा यांच्या काही भागांत पसरलेला एक प्रचंड पट्टा आहे. सुमारे सात लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वी इथल्या हिमनद्या मागे हटल्या आणि जाता जाता जमिनीत लाखो खळगे सोडून गेल्या. या प्रदेशाचं नावच मुळी 'प्रेअरी पॉटहोल रीजन'. पॉटहोल म्हटल्यावर पुणेकरांच्या डोळ्यांसमोर जे येतं तेच, फक्त गवताळ माळावर आणि महापालिकेच्या मदतीशिवाय तयार झालेलं.

यातले बरेच खळगे अगदी उथळ आहेत. बर्फ वितळला की भरतात आणि उन्हाळ्याच्या मध्यावर आटतात. काही वर्षभर भरलेले असतात, काही दहा वर्षांत दोनदाच. खंडातल्या बदकांच्या एकूण प्रजनन क्षेत्राच्या तुलनेत हा पट्टा छोटाच, पण निम्मी किंवा त्याहून जास्त बदकं इथेच जन्माला येतात. म्हणून याला 'बदकांचा कारखाना' म्हणतात. मॅलार्ड, पिनटेल, शॉव्हलर, टील, कॅनव्हासबॅक, सगळी मंडळी इथलीच.

आता या कारखान्यातलं प्रॉडक्ट बघू. मॅलार्डची मादी गवतात घरटं करते, तेही बहुधा पाण्यापासून बऱ्यापैकी लांब. आठ-दहा अंडी, सुमारे २८ दिवस उबवायची. पिल्लं बाहेर आली की साधारण एका दिवसात आई त्यांना घेऊन पायी निघते. थेट पाण्याकडे. कधी काहीशे मीटर, कधी त्याहून बरंच जास्त. पिल्लांचं वजन एखाद्या मूठभर शेंगदाण्यांएवढं, अंगावर फक्त लव, आणि उडता यायला अजून पन्नास-साठ दिवस बाकी.

यात सगळ्यात घातक काळ पहिल्या दोन आठवड्यांचा. एक तर या वयात पिल्लाला स्वतःचं अंग नीट गरम ठेवता येत नाही. आईच्या पोटाखाली शिरायचं, थोडं खायचं, परत शिरायचं, असं सतत चालू असतं. लव भिजली की ऊब गेली. गार पावसात पिल्लू पोटाखालीच बसून राहतं, म्हणजे खाणं थांबतं. खायला गेलं तर गारठतं. दुसरी गोष्ट म्हणजे त्याला या दिवसांत नुसतं गवत-बी चालत नाही. वाढीसाठी प्रोटीन लागतं आणि ते मिळतं चिलटांसारख्या माश्यांच्या अळ्या, गोगलगायी, पाणकिडे यांच्यातून. गार वाऱ्यापावसात हे किडेही कमी मिळतात. म्हणजे भूक आणि थंडी एकाच वेळी हल्ला करतात.

हे सगळं उथळ, लवकर तापणाऱ्या हंगामी डबक्यांमध्ये भरपूर असतं. म्हणजे ज्या डबक्याकडे बघून शेतकरी कपाळावर हात मारतो, तेच पिल्लांसाठी अंगणवाडी आणि पोषण आहार, टू इन वन.

आणि शेतकरी कपाळावर हात का मारायचा, तेही खरंच आहे. नांगर चालवायचा तर दर थोड्या अंतरावर पाण्याला वळसा घालायचा. बी वाया, वेळ वाया, आणि ओलाव्यात यंत्र रुतलं की दिवस गेला. सरकारचंही मत तेच होतं. १८४९, १८५० आणि १८६० च्या 'स्वॅम्प लँड' कायद्यांनी दलदलीच्या जमिनी राज्यांना देऊन टाकल्या. कशासाठी? तर निचरा करून शेतीखाली आणण्यासाठी. पुढे भाजक्या मातीच्या नळ्या जमिनीखाली पुरून पाणी काढून द्यायचं तंत्र पसरलं. आयोवाची काळीभोर, जगात नावाजलेली मक्याची जमीन आज दिसते ती यामुळेच. १७८० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत आयोवानं आपल्या पाणथळ जमिनींपैकी सुमारे ८९ टक्के घालवल्या, तर नॉर्थ डाकोटानं सुमारे ४९ टक्के.

दुसरीकडे शिकार चालूच होती. शहरांतल्या हॉटेलांना पुरवठा करणारे धंदेवाईक शिकारी एका बारात डझनांनी बदकं पाडायचे. १९१६ साली अमेरिका आणि (कॅनडाच्या वतीनं) ब्रिटन यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांचा करार झाला, १९१८ मध्ये त्याचा अमेरिकेत कायदा झाला आणि बाजारासाठीची शिकार बंद झाली. सगळ्यांना वाटलं, झालं, प्रश्न सुटला.

आणि मग आलं १९३० चं दशक.

पहिल्या महायुद्धात गव्हाला सोन्याचा भाव आला होता, म्हणून माळरानं नांगरली गेली होती. गवताची मुळं गेली, आणि नेमका त्याच वेळी पाऊसही गेला. मे १९३४ मध्ये उत्तरेकडच्या मैदानांवरची माती वादळानं उचलून पार न्यूयॉर्क-वॉशिंग्टनपर्यंत नेली. हवामान किती टोकाचं असावं? नॉर्थ डाकोटात फेब्रुवारी १९३६ मध्ये पार्शल गावी उणे ५१ अंश सेल्सियस नोंदलं गेलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये स्टील गावी अधिक ४९. एकच राज्य, पाच महिन्यांत शंभर अंशांचा फरक!

डबकी भेगाळली. वसंतात आलेल्या बदकांना पाणी दिसेना. अशा वर्षी मादी एक तर घरटंच करत नाही, किंवा पुढे उत्तरेला उडून जाते, जिथे पिल्लं कमी निघतात. घरटं केलं आणि मोडलं तर ओल्या वर्षी ती पुन्हा अंडी घालते, कोरड्या वर्षी सोडून देते. थोडक्यात काय, तर कारखान्याला टाळं.

इथे आपल्या गोष्टीत एक भन्नाट माणूस येतो. जे नॉरवूड डार्लिंग, टोपणनाव 'डिंग'. आयोवातल्या 'द मॉइन रजिस्टर'चा व्यंगचित्रकार, १९२४ चा पुलित्झर विजेता (१९४३ मध्ये पुन्हा मिळालं), कट्टर रिपब्लिकन आणि रूझवेल्टचा टीकाकार. रूझवेल्टनं त्याला १९३४ च्या सुरुवातीला बदकांच्या प्रश्नावरच्या तीन जणांच्या समितीवर घेतलं (त्यात अल्डो लिओपोल्डही होता) आणि त्याच वर्षी थेट 'ब्यूरो ऑफ बायॉलॉजिकल सर्व्हे'चा प्रमुखच करून टाकलं. "फार बोलतोस ना, मग आता करून दाखव," असाच प्रकार.

डार्लिंगनं दीड-एक वर्षात जे केलं ते बघून कुठल्याही प्रोजेक्ट मॅनेजरनं तोंडात बोट घालावं. १६ मार्च १९३४ रोजी 'डक स्टॅम्प'चा कायदा झाला. बदकांची शिकार करायची तर दरवर्षी एक डॉलरचं तिकीट घ्यायचं आणि तो पैसा पाणथळ जागांसाठी जाणार. पहिल्या तिकिटावरचं मॅलार्डच्या जोडीचं चित्र खुद्द डार्लिंगचं. पहिल्या वर्षी ६ लाख ३५ हजार तिकिटं खपली. १९३५ मध्ये शिकारीचा मोसम ३० दिवसांवर आला, जिवंत बदकं आमिष म्हणून बांधायला आणि दाणे टाकून शिकार करायला बंदी आली. साउथ डाकोटाचे सिनेटर पीटर नॉर्बेक यांनी एका विधेयकात ६० लाख डॉलरची तरतूद अलगद बसवून दिली. आणि जमिनी शोधायला डार्लिंगनं क्लार्क सॅल्यर नावाचा तरुण जीवशास्त्रज्ञ गाडीत बसवून पाठवला. नॉर्थ डाकोटातली सूरिस नदीकाठची अभयारण्यं १९३५ ची. तिथले बांध घातले ते बेकार तरुणांच्या सरकारी पलटणींनी.

शिकाऱ्यांनीही वेगळा मार्ग काढला. त्यांच्या लक्षात आलं की बदकं मारली जातात अमेरिकेत, पण बरीचशी जन्मतात कॅनडात, आणि अमेरिकन सरकारचा पैसा तिकडे खर्च करता येत नाही. म्हणून १९३७ मध्ये 'डक्स अनलिमिटेड' ही संस्था निघाली. १९३८ मध्ये तिचं पहिलं काम सुरू झालं मॅनिटोबातल्या 'बिग ग्रास मार्श'मध्ये. शेतीसाठी निचरा केलेली आणि मग शेतीही न पिकलेली ही दलदल पुन्हा पाण्याखाली आणायची होती.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. दुष्काळ पडला, पाणी गेलं, मग बांध घाला आणि पाणी कायमचं धरून ठेवा. इंजिनीअरिंग सोल्यूशन! मला स्वतःला हा पुढचा भाग सगळ्यात जास्त आवडला, कारण इथे हे सोल्यूशन तपासलं गेलं आणि ते अपुरं निघालं.

दलदलीत पाणी वर्षानुवर्षं एकाच पातळीला ठेवलं की सुरुवातीला मजा येते. मग हळूहळू पाणवेली आणि लव्हाळी मरतात, मधोमध नुसतं उघडं पाणी राहतं, किड्यांचं खाद्य संपतं, मासे वाढतात आणि तेच किडे खातात. १९६५ मध्ये आयोवातल्या अभ्यासातून वेलर आणि स्पॅचर यांनी दाखवलं की निम्मं पाणी आणि निम्मी झाडोरा असलेली दलदल पक्ष्यांना सर्वांत जास्त मानवते, आणि ही अवस्था पाणी चढण्या-उतरण्याच्या चक्रातूनच येते. मॅनिटोबात डेल्टा मार्शला १९३८ पासून बदकांचं संशोधन केंद्र होतं. त्याच दलदलीत १९७९ पासून बांध घालून दहा कप्पे केले आणि पाण्याची पातळी ठरवून वर-खाली करत दहा वर्षं प्रयोग चालवला. निष्कर्ष तोच. तळ उघडा पडून सुकला की साठलेला पालापाचोळा कुजतो, बी रुजतं, आणि पुन्हा पाणी आलं की किड्यांचा स्फोट होतो.

म्हणजे दुष्काळ हा या सिस्टिममधला बिघाड नव्हता! तो रीस्टार्ट होता. शिवाय कोरड्या वर्षांत पाण्याच्या आधारानं जगणारे मिंकसारखे शिकारी प्राणीही कमी होतात, आणि पाऊस परतल्यावर बदकं त्यांच्या आधी सावरतात. तिशीतला घोळ दुष्काळामुळे नाही, तर दुष्काळ संपल्यावर परतायला डबकीच उरली नाहीत यामुळे मोठा झाला. हा फरक फार महत्त्वाचा आहे.

आता राहिला प्रश्न पिल्लांचा. १९५५ पासून दर मे महिन्यात विमानातून बदकं आणि भरलेली डबकी मोजली जातात. जगातल्या वन्यजीवांच्या सर्वांत लांब चाललेल्या मोजण्यांपैकी ही एक. (डेटावाल्यांनो, सत्तर वर्षांची टाइम सीरीज! २०२० आणि २०२१ या कोविडच्या दोन वर्षांची भोकं सोडल्यास.) पण विमानातून संख्या कळते, कारण कळत नाही. ते कळलं रेडिओ ट्रान्समीटरमुळे. मादीच्या अंगावर छोटं यंत्र बसवून ती पिल्लं घेऊन कुठे जाते ते पाहता येऊ लागलं.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस मध्य नॉर्थ डाकोटात झालेल्या अशा अभ्यासात दिसलं की मॅलार्डची जेमतेम ८ टक्के घरटी यशस्वी होत होती. संख्या टिकायला साधारण १५ टक्के लागतात. अंडी खाणारे कोण? कोल्हे, स्कंक, रॅकून. माणसानं गवत नांगरून घरट्यांना बांधाबांधांवर, रस्त्याकडेच्या पट्ट्यांत कोंबलं होतं, आणि कोल्ह्याला तेवढा पट्टा हुंगत गेलं की झालं. गंमत म्हणजे कोयोट असतील तिथे ते कोल्ह्यांना हाकलतात. डाकोटातल्या एका अभ्यासात कोल्ह्यांच्या भागात १७ टक्के घरटी यशस्वी झाली, तर कोयोटच्या भागात ३२ टक्के.

आणि पिल्लं? तिथे मिंक, पाऊस आणि डबकी या तिघांचा हिशोब एकत्र लागला. ज्या वर्षी हंगामी डबकी भरलेली असतात त्या वर्षी पिल्लावळ जास्त वाचते. कारण आईला निवड असते, एका जागी धोका वाटला की शेजारच्या डबक्यात जाता येतं. डबकी कमी असली की सगळ्या आया मोजक्या मोठ्या तळ्यांवर जमतात, आणि मिंकही तिथेच असतो. त्याच अभ्यासांत पावसाचे दिवस मात्र पिल्लांसाठी धोक्याचे निघाले. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे पुरं होतं. पावसाचं आपण काही करू शकत नाही. पण भरपूर डबकी आणि दाट गवत असेल तर खराब आठवडा पचतो. नसेल तर तोच आठवडा जीवघेणा ठरतो.

याचा मोठा पुरावा अपघातानंच मिळाला. १९८५ च्या शेतीविषयक कायद्यात अमेरिकन सरकारनं शेतकऱ्यांना भाडं देऊन काही जमीन दहा वर्षं गवताखाली ठेवायची योजना आणली. मुख्य हेतू जमिनीची धूप थांबवणं आणि धान्याचा ढीग कमी करणं, बदकं नव्हेतच. सुरुवातीची वर्षं कोरडी गेली. मग १९९३ च्या सुमारास पाणी परत आलं, आणि यावेळी गवतही होतं! १९९२ ते १९९७ या काळात या योजनेमुळे सुमारे १ कोटी २४ लाख जास्तीची बदकं झाली असा अंदाज निघाला. पाणी अधिक गवत, दोन्ही कंडिशन ट्रू. २०१५ च्या मोजणीत एकूण आकडा ४ कोटी ९५ लाखांवर गेला, आजवरचा सर्वोच्च.

पण २००७ नंतर इथेनॉलमुळे मक्याचे भाव चढले, करार संपले आणि पुष्कळ गवत पुन्हा नांगराखाली गेलं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'सॅकेट' खटल्यात निकाल दिला, की मोठ्या वाहत्या पाण्याशी सलग जोडलेल्या नसलेल्या पाणथळ जागांना केंद्राच्या जलकायद्याचं संरक्षण नाही. आणि पॉटहोल म्हणजे तर व्याख्येनंच एकटं, सुटं डबकं. २०२४ ची मोजणी ३ कोटी ४० लाखांच्या आसपास होती. हवामान बदलाची मॉडेल्स सांगतात की चांगली ओल हळूहळू आग्नेयेकडे सरकेल, म्हणजे आयोवा-मिनेसोटाकडे, जिथली डबकी आधीच नळ्या पुरून संपवली आहेत.

सगळ्यात वाईट अवस्था पिनटेलची. हा पक्षी लवकर येतो आणि मागच्या वर्षीच्या धसकटांनाच गवत समजून शेतात अंडी घालतो. मग ट्रॅक्टर येतो. १९५६ मध्ये एक कोटीच्या वर असलेली ही बदकं २०२४ मध्ये वीस लाखांच्या आसपास होती.

हाच पिनटेल, म्हणजे आपलं तलवार बदक, हिवाळ्यात उजनीला, नाथसागरला, नांदूर मधमेश्वरला येतं. आपल्याकडे येणारे अर्थात डाकोटाचे नव्हेत, ते मध्य आशिया आणि सायबेरियाकडचे. पण आपल्याकडेच जन्मणारं हळदी-कुंकू बदक आहे ना, ते पावसाळ्यात तळ्याकाठच्या गवतात घरटं करतं आणि त्याच्या पिल्लांचंही गणित हेच आहे: गवत, उथळ पाणी, पहिले पंधरा दिवस.

आपल्या सातबाऱ्यावर मात्र अशा जागेला बरेचदा 'पोटखराबा' म्हणतात, आणि शहराच्या कडेला असेल तर 'भराव टाकून घ्या'. चार महिने पाणी असतं आणि आठ महिने नसतं, म्हणून ती जागा निरुपयोगी वाटते. प्रेअरीच्या शंभर वर्षांनी शिकवलं ते एवढंच, की ते आठ कोरडे महिनेसुद्धा कामाचेच असतात.

डक स्टॅम्पची किंमत २०१५ पासून २५ डॉलर आहे. शिकार न करणारे लोकही ते विकत घेतात. त्या तिकिटांनी आजवर १०० कोटी डॉलरहून जास्त पैसा उभा केला आणि सुमारे ६० लाख एकर जागा राखली गेली. एका व्यंगचित्रकारानं दीड वर्षाच्या नोकरीत ढकललेलं कोड नव्वद वर्षांनंतरही प्रॉडक्शनमध्ये चालू आहे. आपल्यापैकी कितीजणांना असं म्हणता येईल?